बेसिन बदला, पण टाइलला धक्का नको

बेसिनखालचं कपाट पाण्यानं फुगलेलं असतं, दार बिजागरीतून लोंबत असतं, आतला तळ काळा पडून भुसा झालेला असतो. घरात लग्न निघतं किंवा दिवाळी तोंडावर येते आणि ते बदलायचं ठरतं. काम एका सकाळचं वाटतं. मिस्त्री येतो, पहार घालून जुनं ओढतो, आणि कपाटासोबत भिंतीच्या दोन टाइल्स खाली येतात. तशी टाइल शोधायला गोंदिया गाठावं, आमगाव पालथं घालावं, तर ती मिळत नाही. मोरबीच्या कारखान्यांतून दरवर्षी नवी डिझाइनं येतात आणि जुनी बंद होतात. तेच डिझाइन मिळालं तरी वेगळ्या बॅचच्या पेटीतल्या टाइलची छटा भिंतीवरच्या टाइलशी जुळेलच, असं नाही. मग दोन टाइल्सपायी अख्खी भिंत उतरवायची वेळ येते.

कामठ्यात आणि आसपासच्या गावांत ज्या घरांच्या बाथरूमना काही वर्षांपूर्वी टाइल्स लागल्या, त्यांतल्या कित्येकांवर आता बेसिन बदलायची पाळी येते आहे. टाइल चांगली असते, खराब झालेलं असतं ते कपाट. तेव्हा या कामात जपायची वस्तू टाइल आहे, हे घरच्यांनी आणि मिस्त्रीनं आधीच ठरवून घ्यायला हवं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. टाइल हातोड्यानं फुटते त्याहून जास्त वेळा ओढण्यानं फुटते. बेसिन आणि कपाट भिंतीला चार ठिकाणी धरलेलं असतं: स्क्रू, सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट, पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याचा पाइप. यातला एक जोड जरी सुटायचा राहिला आणि आपण जोर लावला, तर तो सगळा जोर टाइलवर जातो. म्हणून नियम एकच: आधी प्रत्येक जोड सोडवा, मग वस्तू उचला. पुढचं सगळं या नियमाचाच विस्तार आहे.

खरेदीच्या आधी भिंत बघा

दुकानात जाण्याआधी बॅटरी घेऊन कपाटाच्या आत डोकवा. टाइल कपाटाच्या मागं गेलेली आहे की कपाटाच्या कडेला थांबली आहे? पुष्कळ घरांत आधी कपाट बसवून नंतर भोवती टाइल लावलेली असते. तसं असेल तर मागं नुसता गिलावा निघणार. अशा वेळी नवं कपाट जुन्याइतकंच रुंद आणि उंच हवं, किंवा बोटभर मोठं. लहान आणलं तर उघडी भिंत झाकायला जवळ काही नसतं. फरशीचंही तसंच. कपाटाखाली फरशी नसेल, तर उंच पायांचं कपाट आणून भागणार नाही.

मापं कागदावर उतरवा. जुन्या कपाटाची रुंदी, खोली आणि उंची घ्या. फरशीपासून बेसिनच्या कडेपर्यंतची उंची साधारण ३१ ते ३२ इंच असते. फरशीपासून सांडपाण्याच्या पाइपच्या मध्यापर्यंत किती आणि दोन्ही अँगल कॉकपर्यंत किती, तेही मोजा. कोपऱ्यातल्या भिंतीपासूनचं अंतर आणि बाथरूमचं दार किती उघडतं, हे विसरू नका. पाइप नेमका ड्रॉवरच्या मागं आला, तर ड्रॉवर कापावा लागतो नाहीतर भिंत फोडावी लागते. सगळ्या बाजूंनी मोबाइलमध्ये फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

आता रुपयाचं नाणं घ्या आणि बेसिनच्या भोवतालची प्रत्येक टाइल हलक्या हातानं वाजवून पाहा. मध्यभागी वाजवा, मग चारही कोपऱ्यांत. भरीव टाइलचा आवाज बसका आणि आखूड येतो. पोकळ टाइल खणखणते. आपल्याकडे भिंतीची टाइल बहुधा सिमेंटच्या गोळ्यांवर दाबून बसवलेली असते. गोळे पुरेसे पसरले नाहीत, तर मधे किंवा कोपऱ्यात पोकळी राहते. अशी टाइल वर्षानुवर्षं टिकते, पण तिच्यावर रेटा पडला किंवा ड्रिल चाललं की तडकते. पोकळ टाइलवर पेन्सिलनं फुली मारून ठेवा. तिथं पहार टेकवायची नाही आणि नवं भोकही पाडायचं नाही.

भिंत कशाची आहे, हेही याच वेळी समजून घ्या. जुन्या घराच्या पडवीत नंतर बाथरूम काढलेलं असेल, तर एखादी भिंत मातीच्या जोडाईची असू शकते. आतली आडभिंत पुष्कळदा चार इंची असते. अशा भिंतीवर नुसत्या बोल्टवर टांगलेलं जड बेसिन किंवा कपाट भरवशाचं नाही. तिथं जमिनीवर उभं राहणारं कपाट घ्यावं, म्हणजे वजन पायांवर जातं आणि भिंतीतले स्क्रू फक्त मागं धरून ठेवतात.

कपाट कोणतं घ्यावं

आपल्या बाथरूममध्ये बादली आणि मग घेऊन अंघोळ होते. सगळी फरशी ओली होते, पाणी कपाटाखाली जातं, आणि पावसाळ्यात ते दिवसभर वाळत नाही. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे चार महिने हवेतच ओल असते. भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचं, म्हणजे पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचं कपाट दिसायला गुळगुळीत आणि स्वस्त असतं, पण कडेनं एकदा पाणी शिरलं की फुगतं. फुगलेलं पुन्हा बसत नाही.

पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीच्या पाट्यांचं कपाट पाण्याला आणि वाळवीला, आपल्याकडच्या उधईला, दाद देत नाही. लाकडी हवंच असेल तर आय.एस. ७१० हा शिक्का असलेलं मरीन प्लायवूड घ्या. आय.एस. ३०३ मध्ये साधं प्लायवूडही येतं, तेव्हा नुसता 'आयएसआय मार्क आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. कापलेल्या कडा पट्टीनं किंवा रंगानं बंद आहेत का, हे उलटं करून बघा. पाणी तिथूनच आत जातं. पाय स्टीलचे किंवा पीव्हीसीचे, पाच-सहा इंच उंच आणि फिरवून कमीजास्त होणारे हवेत. खालून खराटा फिरला पाहिजे आणि पाणी जाळीकडे वाहून गेलं पाहिजे.

कामाचा दिवस: आधी झाकणं, मग पाणी बंद

फरशीवर आधी खोक्याचे जाड पुठ्ठे अंथरा, त्यावर बारदान्याची दुहेरी घडी टाका. धानाच्या या मुलखात रिकाम्या पोत्यांना तोटा नाही. पुठ्ठा खाली यासाठी, की बारदान्याखाली वाळूचा खडा सापडला तर फरशीवर ओरखडा उठतो. हातातून पाना निसटला तरी फरशी वाचते. डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे आणि पायात बूट घाला. बेसिनची फुटलेली चिनी माती पात्यासारखी कापते.

पाणी बंद करण्याची पायरी फार जण घाईत उरकतात, आणि टाइल आतून तडकते ती नेमकी इथं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी जुना अँगल कॉक जाम झालेला असतो. तो फिरत नाही म्हणून पाइप पान्यानं जोर लावला, तर कॉकऐवजी भिंतीतला निपल किंवा एल्बो फिरतो. त्या वळणानं भोवतालचं सिमेंट सुटतं, टाइल तडकते आणि आत गळती सुरू होते. गळती दिसायला महिने लागतात. कॉक हातानं फिरत नसेल तर त्याच्या नादी लागू नका. सरळ छतावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बेसिनचा नळ उघडून पाइपातलं पाणी निघून जाऊ द्या.

जोडणीचा नट सोडवताना दोन पाने वापरा. एकानं अँगल कॉकचं अंग धरून ठेवा, दुसऱ्यानं नट फिरवा. क्षार चढलेल्या नटाभोवती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेली चिंधी अर्धा तास गुंडाळून ठेवली तर तो मोकळा होतो. गंज असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा. खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप हातानं उघडा. भिंतीतल्या पाइपच्या तोंडात लगेच चिंधीचा बोळा घाला. नाहीतर घाण वास येतो, आणि सुटलेला स्क्रू आत पडला तर काढता येत नाही.

सिलिकॉन आणि सिमेंट कापणं

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. बेसिनची कड आणि भिंत यांच्यामध्ये सिलिकॉनची पट्टी असते. धारदार कटर घ्या, नवं पातं लावा. पहिला काप बेसिनला चिकटून द्या, पात्याचं टोक बेसिनकडे झुकवून. दुसरा काप टाइलला चिकटून, पातं जवळजवळ सपाट धरून. दोन्ही काप पूर्ण लांबीभर झाले की पट्टीचं एक टोक चिमटीत धरून हळू ओढा. बरीच पट्टी अखंड निघून येते. जिथं तुटली तिथं पुन्हा काप द्या. एकाच कापात आरपार जाण्याच्या नादात पातं सरकतं आणि टाइलच्या चकाकीवर कायमची रेघ उठते.

वरच्या दगडाच्या किंवा पाठीमागच्या उभ्या पट्टीच्या आत पातं पोचत नाही. तिथं मासेमारीची नायलॉनची तंगूस कामी येते. हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना काडी बांधून मूठ करा, एका कोपऱ्यातून फटीत सरकवा आणि करवतीसारखी मागंपुढं ओढत खाली न्या. आतलं सिलिकॉन चिरत जातं आणि टाइलला काही होत नाही. तंगूस तापून तुटते, म्हणून दोन-तीन तुकडे जवळ ठेवा.

सांध्यात पांढरं सिमेंट भरलेलं असेल तर छन्नी घेऊ नका. छन्नीचा प्रत्येक घाव टाइलच्या कडेवर बसतो, आणि भिंतीच्या सिरॅमिक टाइलची कड हाच तिचा सगळ्यांत कच्चा भाग असतो. हॅक्सॉचं सुटं पातं घ्या, धरायच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळा, आणि बेसिनच्या बाजूनं सांधा घासत मोकळा करा. हात भरून येतो, पण टाइल शाबूत राहते. ग्राइंडर इथं नकोच. एक झटका बसला तर टाइलमध्ये खाच पडते, आणि धुळीत छातीला अपायकारक सिलिका असते ते वेगळंच.

उतरवणं: मोडायचंच असेल तर जुनं मोडा

सगळे सांधे मोकळे झाल्यावर स्क्रू काढा. गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर त्याच्याशी झटापट करू नका. मागून हॅक्सॉच्या पात्यानं कापून टाका, भिंतीत राहिलेला तुकडा नंतर पक्कडीनं निघतो. आता वरचा भाग, म्हणजे बेसिन किंवा बेसिन बसवलेला दगड, दोघांनी दोन बाजूंनी धरा आणि आधी सरळ वर उचला. अंगाकडे ओढायचं नाही. वर उचलताना अडलं, तर कुठेतरी जोड शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. थांबा, शोधा, कापा आणि मग उचला.

पहार किंवा पेचकस भिंतीवर टेकवून तरफ लावावीच लागली, तर मागं वीतभर रुंद फळी धरा. फळी किमान दोन टाइल्सवर पसरलेली हवी, म्हणजे जोर एका जागी एकवटत नाही. फुली मारलेल्या टाइलवर फळी टेकवू नका. फटीत लाकडी पाचर हळूहळू सरकवत नेली तर ती पहारेपेक्षा बरी.

कपाट अख्खं निघत नसेल तर ते अख्खं काढण्याचा आग्रह सोडा. ते तसंही भंगारात जाणार आहे. दारं काढा, आतले कप्पे काढा, बाजूच्या पाट्या हातकरवतीनं कापा आणि शेवटी पाठीची पाटी मोकळी करा. तुकडे पडू द्या, पण भिंतीवर ताण येऊ देऊ नका.

एक प्रकार मात्र वेगळा आहे. काही घरांत कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची फळी भिंतीत खाच करून आत घातलेली असते आणि टाइल नंतर तिच्या वरून-खालून लावलेली असते. ही फळी ओढून निघत नाही. ओढलीत तर भोवतालची रांगच सुटेल. तेव्हा फळी तशीच ठेवा, फक्त बेसिन बदला आणि खाली नवं कपाट सरकवा. फळी काढायचीच असेल, तर ती भिंतीपासून अर्धा इंच सोडून दगड कापणाऱ्या कारागिराकडून पाणी टाकत कापून घ्या. आतला भाग भिंतीतच राहू द्या. पुढं आलेली कड नव्या बेसिनच्या मागं झाकली जाईल, हे मापं घेतानाच बघून ठेवा.

उघड्या भिंतीची डागडुजी

भिंत उघडी पडली की लगेच नवं बसवण्याची घाई होते. एक रात्र थांबा. राहिलेलं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, उरलेला चिकटपणा टर्पेंटाइननं पुसा. चकाकीच्या टाइलला त्यानं काही होत नाही, तरी आधी कोपऱ्यात लावून बघा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, म्हणून ही सफाई टाळता येत नाही.

संडास धुवायचं अॅसिड इथं वापरू नका. ते टाइलमधलं सिमेंटचं ग्राउट खातं आणि नळाची चकाकी घालवतं. ते ब्लीचिंग पावडरीत किंवा ब्लीचच्या पाण्यात कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद बाथरूममध्ये जिवावर बेततो.

भिंत मोकळी आहे तोवर दोन्ही अँगल कॉक, जोडणीचे पाइप आणि बॉटल ट्रॅप नवे लावून घ्या. जुना कॉक काढताना भिंतीतला निपल फिरू न देण्याचा तोच नियम पाळा, आणि कॉक जागचा हलत नसेल तर हे काम अनुभवी प्लंबरवरच सोपवा. नव्या कॉकच्या आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळा. जुन्या सांध्यांतलं निघालेलं ग्राउट पुन्हा भरा आणि पाकिटावर लिहिलं आहे तितका वेळ वाळू द्या. जुनी भोकं नव्या कपाटामागं झाकली जाणार असतील तर पांढऱ्या सिमेंटनं बुजवा. ती दिसणार असतील तर टाइलच्या रंगाचं इपॉक्सी ग्राउट घ्या.

नवं भोक पाडताना

शक्य असेल तर जुनीच भोकं वापरा. नवं भोक पाडायचंच असेल तर जागा निवडताना चार गोष्टी बघा. टाइलच्या कडेपासून किमान एक-दीड इंच आत या. सांध्यावर भोक पाडू नका, दोन्ही बाजूंच्या कडा उडतात. पोकळ टाइल टाळा. आणि अँगल कॉकच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवू नका, कारण भिंतीतला पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेला असतो. गीझरचा बोर्ड जवळ असेल तर त्याची एमसीबी पाडून ठेवा आणि ड्रिलची वायर बाहेरच्या खोलीतून घ्या.

जागेवर मास्किंग टेपची फुली चिकटवा आणि तिच्यावर खूण करा. टेपमुळे ड्रिलचं टोक घसरत नाही. ड्रिल मशीनचा हॅमर बंद करा. ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकासारखं टाइल बिट चालतं. व्हिट्रिफाइड टाइल फार घट्ट असते, तिला डायमंड बिटच लागतं. वेग कमी ठेवा, हलका दाब द्या, दुसऱ्यानं ओल्या स्पंजनं पाण्याची धार सोडत राहावं. टाइल पार झाली की हाताला बदल जाणवतो: आवाज बोजड होतो आणि लालसर किंवा राखाडी भुकटी यायला लागते. मग बिट बदला, साधं काँक्रीट बिट लावा, आणि वीट पक्की असेल तरच हॅमर सुरू करा.

रावळप्लग, म्हणजे भिंतीतली प्लास्टिकची गिट्टी, टाइलच्या जाडीत अडकता कामा नये. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते. ती टाइलमध्ये असेल तर टाइल आतून फाटते, आणि हे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी ध्यानात येतं. म्हणून टाइलमधलं भोक गिट्टीपेक्षा एक मिलिमीटर मोठं ठेवा आणि गिट्टीचं तोंड टाइलच्या मागं, पूर्णपणे विटेत जाईल इतकी ती आत सरकवा. बेसिनच्या बोल्टला प्लास्टिकचा किंवा रबरी वॉशर घाला. नट हातानं घट्ट झाला की पान्यानं पाव फेरा पुरे. जास्त आवळलं तर बेसिन तरी तडकतं नाहीतर टाइल.

बसवणं आणि सांधणं

बाथरूमच्या फरशीला जाळीकडे उतार असतो, म्हणून कपाट ठेवल्याबरोबर डुगडुगेल. त्याला भिंतीकडे रेटून सरळ करू नका. लेव्हल ठेवून पाय फिरवा, गरज पडली तर पायाखाली प्लास्टिकची पट्टी सरकवा. विटेचा चिपा किंवा लाकडाचा तुकडा पाण्यानं झिजतो, कुजतो. कपाट आपल्या पायांवर सरळ उभं राहिलं, मगच स्क्रू लावा.

बेसिनची कड आणि टाइल यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा. या फटीत पांढरं सिमेंट भरायला मिस्त्री उत्सुक असतो. त्याला नम्रपणे थांबवा: 'भाऊ, इथं सिलिकॉनच लावा.' सिमेंट ताठ असतं, कपाट जरा हललं की तडकतं आणि फटीतून पाणी मागं जातं. शिवाय पुढच्या वेळी ते काढताना पुन्हा टाइलवरच संकट येतं. सिलिकॉन लवचिक असतं, आणि पुढच्या वेळी कटरनं सुटतं.

बुरशीला रोखणारं, सॅनिटरी असं लिहिलेलं सिलिकॉन घ्या आणि त्याची मुदत वाचा. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात तापलेली ट्यूब आतच घट्ट झालेली निघते. कडप्पा किंवा संगमरवर असेल तर न्यूट्रल प्रकार मागा. आंबट वासाचं सिलिकॉन दगडावर डाग पाडतं. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एका दमात सलग रेघ सोडा, साबणाच्या पाण्यात भिजवलेलं बोट एकदाच फिरवा आणि वरची साय धरण्याआधी टेप काढून घ्या. सांधा मात्र कोरडा हवा. सिलिकॉन हवेतली ओल घेऊनच घट्ट होतं, पण ओल्या टाइलला ते चिकटत नाही. पावसाळ्यात काम असेल तर सांध्यावर आधी हेअर ड्रायर फिरवा. मग २४ तास त्या बाथरूममध्ये अंघोळ नाही. घरच्यांना हे आधीच सांगून दुसरी सोय करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. प्रत्येक जोडावर कागदी रुमाल दाबून बघा, एक थेंब असला तरी कागद सांगतो. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि बॉटल ट्रॅपखाली हात फिरवा. तासाभरानं आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी बघा.

मिस्त्रीशी आधी बोला

स्वतः हात घालणार नसाल तर काम सुरू होण्यापूर्वी, मजुरी ठरवतानाच, पाच गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. ग्राइंडर आणि छन्नी टाइलजवळ वापरायची नाही. सिलिकॉन कापल्याशिवाय काही ओढायचं नाही. भोक पाडताना हॅमर बंद. सांध्यात सिलिकॉन, सिमेंट नाही. आणि टाइल फुटली तर काय करायचं, खर्च कुणी उचलायचा. काम एका दिवसात आटपायची सक्ती करू नका. रोजंदारीवरचा कारागीर संध्याकाळच्या आत मोकळा होण्यासाठीच पहार उचलतो. अर्ध्या दिवसाची मजुरी जास्त द्या, भिंत फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वेळही नीट निवडा. धान कापणी-मळणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही. दिवाळी-मंडई आणि लग्नाच्या हंगामाच्या तोंडावर सगळेच मिस्त्री घाईत असतात. मळणी आटपल्यानंतरचा हिवाळा या कामाला चांगला: हवा कोरडी असते, कारागिराला उसंत असते आणि सांधे लवकर वाळतात.

एखादी टाइल फुटलीच तर

घाबरून शेजारच्या टाइल्स हलवू नका. आधी फुटलेल्या टाइलच्या चारही बाजूंचं ग्राउट खरवडून तिला शेजाऱ्यांपासून वेगळी करा. मग मध्यभागी भोकं पाडून तुकडे आतून बाहेर काढा, कडेकडून मधे नाही. मागचं सिमेंट साफ करून नवी टाइल टाइल-अॅडहेसिव्हवर बसवा. आय.एस. १५४७७ हा शिक्का असलेलं अॅडहेसिव्ह घ्या, आणि ते पूर्ण पाठीवर पसरवा, गोळे नकोत. जुळणारी टाइल मिळाली नाही, तर तीच रांग आडवी वेगळ्या रंगाची करून घ्या. ती पट्टी मुद्दाम केल्यासारखी दिसते आणि भिंत वाचते.

नवं घर बांधत असाल किंवा बाथरूमला टाइल लावत असाल, तर प्रत्येक डिझाइनच्या चार-पाच टाइल्स पेटीसकट बाजूला ठेवा. पेटीवर डिझाइनचं नाव, बॅच आणि छटेचा क्रमांक असतो. टाइल लावण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी मापाची टेप धरून. ते फोटो घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी बेसिन बदलायला येणाऱ्या मिस्त्रीच्या हातात ते द्या, म्हणजे त्याला भिंत फोडून पाइप शोधावा लागणार नाही.